नौदल, उपग्रह आणि भौतिकशास्त्र: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळा-कॉलेजांत, बंदरांवर, लग्नकार्यात लोक मला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र करून नौदलाच्या शिक्षण शाखेत अधिकारी झालो. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीची, मुदत संपल्यावर उपग्रहांचे भाग तपासणाऱ्या खासगी उद्योगात गेलो, आणि आता देवगड तालुक्यात घरी असतो. इंजिनियर झाल्याशिवाय उपग्रहाजवळ जाताच येत नाही, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की बी.एस्सी. फिजिक्सला आलेली चांगली मुलं स्वतःला मागे पडलेली समजतात. ही उत्तरं आधी त्यांच्यासाठी आहेत.

उपग्रह तर इंजिनियर बनवतात. तिथे फिजिक्सवाल्याचं काम काय?

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह वर गेला आणि २०.००५ मेगाहर्ट्‌झवर बीप-बीप करू लागला. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ तो आवाज ऐकत होते. उपग्रह जवळ येताना वारंवारता किंचित वाढते, लांब जाताना उतरते. हा डॉप्लर परिणाम आपल्या कॉलेजच्या पुस्तकांतही असतो. त्यांनी त्या चढउतारावरूनच स्पुटनिकची कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठांनी प्रश्न उलटा केला: कक्षा आधीच माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? पाणबुड्यांना समुद्रात स्वतःची जागा कळत नव्हती, त्यामुळे अमेरिकी नौदलाला हे उत्तर हवंच होतं. त्यातून ट्रान्झिट ही उपग्रहांवर चालणारी पहिली दिशादर्शन यंत्रणा झाली. आज बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या केबिनमध्ये जीपीएसचा डबा असतो, त्याचं मूळ या उलट्या प्रश्नात आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ओशनसॅट मालिकेचे उपग्रह समुद्राचा रंग मोजतात. पण उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के प्रकाश मधल्या हवेनं विखुरलेला असतो. पाण्यातून आलेला भाग उरलेला, जेमतेम दहा टक्के. मासळीचा पत्ता त्या दहा टक्क्यांत असतो. हवेचा वाटा किती, धुळीचा किती, लाटांवरच्या चकाकीचा किती, हे एकेक करून वजा करणं म्हणजे निखळ भौतिकशास्त्र. कॅमेरा इंजिनियर उत्तम बनवतो. त्यानं दिलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे सांगायला आमच्यासारखा माणूस लागतो.

नौदलात फिजिक्स घेऊन जाता येतं का? एनडीए हुकली तर?

येतं, आणि एनडीए, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांत नेणारी परीक्षा, हुकली म्हणून काही बिघडत नाही. नौदलाच्या शिक्षण शाखेत एम.एस्सी. फिजिक्स किंवा गणित झालेल्यांना शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं. गुणांची अट असते (६० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका), पुढे एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. सुरुवातीचं प्रशिक्षण केरळात एळिमला इथल्या नौदल अकादमीत होतं. हवाई दलाची हवामान शाखाही फिजिक्सवाल्यांना घेते, त्याचा रस्ता एएफसीएटी परीक्षेतून जातो. संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ ही संस्था वैज्ञानिकांच्या भरतीत गेट परीक्षेचे गुण धरते आणि गेटला फिजिक्सचा वेगळा पेपर आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा दर वेळी ताजी जाहिरात वाचा. कोणाच्या मामानं सांगितलं म्हणून अर्ज करू नका. आणि वयाकडे लक्ष ठेवा. पंचविशी उलटली की गणवेशाची बहुतेक दारं बंद होतात, आणि आपली मुलं नेमकी तेव्हा विचारायला येतात.

"शिक्षण शाखा" म्हणजे शाळामास्तरच ना?

शिकवणं असतंच, आणि मला ते आवडायचं. पण नौदलाची प्रशिक्षण केंद्रं म्हणजे जामनगरचं आयएनएस वालसुरा, लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी. तिथला विद्यार्थी सहा महिन्यांनी जहाजावर जाऊन तेच यंत्र चालवणार असतो. तुम्ही लाटांचं विवर्तन कच्चं शिकवलंत तर त्याची किंमत तो समुद्रात मोजतो. शिकवता शिकवता उच्चशिक्षणाची संधी मिळते, त्यातून तांत्रिक कामं मिळतात. माझा उपग्रह दळणवळणाशी संबंध असाच आला.

तिथे नेमकं काय करत होतात?

सगळं सांगता येत नाही आणि येणारही नाही. गोपनीयतेची बांधिलकी गणवेशाबरोबर उतरत नाही. जे जाहीर आहे तेवढं सांगतो.

३० ऑगस्ट २०१३ ला फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून जीसॅट-७ गेला. नौदलासाठी बनवलेला भारताचा हा पहिला दळणवळण उपग्रह, वजन सुमारे २,६०० किलो. तोवर खोल समुद्रातल्या आपल्या जहाजांचं उपग्रहावरचं बोलणं इनमारसॅटसारख्या परदेशी सेवांवर बरंचसं अवलंबून होतं. युद्धाच्या वेळी दुसऱ्याच्या तारेवर बोलायचं नसतं, हे समजायला ॲडमिरल असावं लागत नाही. त्याच्या पुढचा उपग्रह सीएमएस-०३ हा २ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून, आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटनं गेला. वजन ४,४१० किलो. बारा वर्षांत कुरूपासून श्रीहरिकोट्यापर्यंतचा हा पल्ला मला फार मोलाचा वाटतो.

आता काम कसं असतं ते. जीसॅट-७ रेखांश ७४ अंशांवर आहे, म्हणजे देवगडहून जवळजवळ सरळ दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ७० अंश वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीच्या कक्षेत. घराच्या गच्चीवर छत्री एकदा लावली की काम संपलं. जहाज मात्र डोलतं, पुढेमागे झुकतं आणि वळतंही. डोक्यावर कळशी घेतलेली बाई पाणंदीतून चालते तेव्हा पाय, कंबर सगळं हलतं पण कळशी जागची ढळत नाही. अँटेनाला तेच करावं लागतं. पांढऱ्या घुमटाखाली जायरो (कल ओळखणारं यंत्र) आणि मोटरी सतत उलटी हालचाल देत असतात. तो घुमट उघडला की आत तेल, रबर आणि मीठ यांचा मिसळलेला वास येतो. मीठ कुठल्याही वायसरातून आत शिरतंच. बाहेरच्या बाजूला खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसला की सिग्नल दोन-तीन डेसिबलनं पडतो आणि सगळे उपग्रहाला दोष देतात. शिवाय जहाज वळलं की डोलकाठी मध्ये येते. तेवढ्या दिशा अँटेनासाठी आंधळ्या होतात, म्हणून मोठ्या जहाजावर दोन अँटेना असतात आणि एकीच्या आड काही आलं की दुसरी काम हातात घेते. कुठल्या कोनात काय आड येतं त्याचा नकाशा प्रत्येक जहाजासाठी वेगळा काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. पण चुकलं तर ऐन मोक्याच्या वळणावर जहाज मुकं होतं.

पावसाळ्यात टीव्हीची छत्री बंद का पडते? उपग्रहाला पाऊस लागतो का?

उपग्रह ढगांच्या कितीतरी वर आहे, त्याला पावसाचा पत्ताही नसतो. अडचण शेवटच्या पाच-सहा किलोमीटरची. घरगुती डिश केयू बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर, साधारण १२ गिगाहर्ट्‌झवर चालते. म्हणजे लाटेची लांबी अडीच सेंटिमीटर. आपल्या आषाढातल्या सरीचा थेंब पाच मिलिमीटरपर्यंत जातो, आणि एवढा थेंब त्या लाटेला शोषतो, विखुरतो. सी बँड या दुसऱ्या पट्ट्यातली लाट साडेसात सेंटिमीटरची, ती त्याच पावसातून बरीचशी सुखरूप जाते.

दुसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. कोरडं आकाश रेडिओलहरींना थंडगार दिसतं. पाऊस मात्र आपल्या तापमानानुसार स्वतःच रेडिओलहरी सोडतो. म्हणजे सर आली की सिग्नल कमी होतो आणि त्याच वेळी गोंगाट वाढतो. दोन्हीकडून मार. वर्षभरात पाऊस किती पडला याला इथे महत्त्व नाही, त्या दहा मिनिटांत किती कोसळला याला आहे. म्हणून रिपरिप चालू असताना मालिका दिसते आणि सड्यावरून सर धावत आली की जाते. छत्री हलवून काही होत नाही. पावसात कौलांवर चढू नका.

उपग्रहावर सोन्याचा पत्रा असतो का?

बहुतेक वेळा नाही. तो पिवळसर रंग पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचा असतो, आतून ॲल्युमिनियमचा मुलामा. असे अनेक थर एकावर एक घालून उपग्रहाला उन्हापासून आणि थंडीपासून वाचवतात.

खासगी उद्योगात काय काम केलंत?

बनवणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांत मी जास्त राहिलो. मला वाटतं फिजिक्सवाल्याची खरी जागा तीच. उपग्रह वर गेल्यावर कोणी पाना घेऊन जाऊ शकत नाही, त्यामुळे जे बिघडायचं ते जमिनीवर बिघडवून बघावं लागतं.

एक चाचणी जवळून दाखवतो. रॉकेट सुटताना उपग्रह भयंकर हादरतो, म्हणून तो आधी कंपनाच्या टेबलावर बोल्ट मारून बसवतात. त्याच्या अंगावर जागोजागी बोटाच्या पेराएवढे संवेदक चिकटवलेले असतात. सुरुवातीला अगदी हलका हादरा, कमी वारंवारतेपासून जास्तीपर्यंत सावकाश नेत. त्यातून एक आलेख मिळतो, उपग्रह कुठल्या कुठल्या वारंवारतेला थरथरतो त्याचा. मग खरा, जोराचा हादरा. त्या वेळी खोलीत आवाज इतका असतो की आम्ही काचेपलीकडे बसायचो. तो संपला की पुन्हा तोच हलका हादरा, पुन्हा आलेख. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. शिखरं जुळली तर ठीक. एखादं शिखर थोडंसं जरी डावीकडे सरकलं असेल तर आत काहीतरी ढिलं झालं आहे: एखादा स्क्रू, एखादा चिकटवलेला जोड. डोळ्यांना काही दिसत नाही, उपग्रह मुकाट उभा असतो, वेळापत्रक डोक्यावर असतं, आणि तरी तुम्हाला म्हणावं लागतं, "उघडा." हे म्हणण्याचं धैर्य आणि ते सिद्ध करण्याचं गणित, दोन्ही लागतात.

दुसरी मोठी चाचणी निर्वात कक्षातली. हवा काढून घ्यायची, भिंतींत द्रव नायट्रोजन फिरवून आकाशातली थंडी आणायची, मग तापवायचं, पुन्हा गार करायचं. दिवसरात्र पाळ्या लावून हे अनेक दिवस चालतं. निर्वातात साधी गोंदपट्टीसुद्धा वाफ सोडते आणि ती वाफ जाऊन नेमकी भिंगावर बसते. म्हणून पदार्थानं किती वजन सोडलं तर चालेल याची मर्यादा ठरलेली आहे: एकूण एक टक्का, आणि त्यातला दुसरीकडे जाऊन चिकटणारा भाग ०.१ टक्का.

फौजेतून कंपनीत गेल्यावर जड गेलं का?

काही बाबतीत. जहाजावर माणूस चुकला तर त्याला शिकवतात, कारण तो उद्याही तुमच्याबरोबरच असणार. कंपनीत तिमाहीचा हिशेब असतो. पण माझं ठाम मत आहे की गणवेशातली वर्षं उद्योगात कामी येतात. यंत्राच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, हे तुम्ही पाहिलेलं असतं. मध्यरात्री वॉचवर, झोप न झालेल्या, हातमोजे घातलेल्या खलाशाला बटण सापडेल का, हा प्रश्न वातानुकूलित खोलीत आपोआप सुचत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. शॉर्ट सर्व्हिसवाल्याला पेन्शन नसतं, ग्रॅच्युइटी मिळते. हे घरच्यांना आधी समजावून सांगा आणि पहिल्या पगारापासून बचत करा.

आता संधी कुठे आहेत? फक्त इस्रो?

इस्रो आहेच. बारावीनंतर थेट जायचं तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधून. तिथे अभियांत्रिकी भौतिकीचाही अभ्यासक्रम आहे. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम आहे, तो आपल्याकडच्या शाळांना माहीतच नसतो.

पण २०२० मध्ये खासगी कंपन्यांना अवकाशक्षेत्र खुलं झालं, त्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आली, आणि चित्र बदललं. पिक्सेल, ध्रुव स्पेस, दिगंतरा, स्कायरूट ही नावं आता मुलांना पाठ आहेत. स्कायरूटचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं ५२ टेहळणी उपग्रहांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यातले ३१ खासगी उद्योगानं बनवायचे आहेत. त्यांना मोजणारी, शंका घेणारी, तपासणारी माणसं लागणार.

मासळी कुठे आहे ते उपग्रहाला खरंच दिसतं का?

हा मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत सगळ्यांचा प्रश्न. मासा दिसत नाही. दिसतं ते पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य. थंड, पोषक पाणी जिथे वर येऊन उबदार पाण्याला भिडतं तिथे वनस्पती-प्लवंग वाढतात, त्यामागे बारकी मासळी, तिच्यामागे मोठी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यावरून संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना काढते: कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर. बांगडा-तारलीसारख्या वरच्या थरातल्या मासळीला ती जास्त उपयोगी.

ढग असले की ही सूचना मिळत नाही. हरितद्रव्य मोजणारा प्रकाश आणि तापमान मोजणारं अवरक्त किरण, दोन्ही ढगात अडतात. आणि एक विनंती. सूचना मिळाली की सगळे एकाच जागी जाळी टाकतात. उपग्रहानं जागा दाखवली म्हणून तिथली बारकी मासळीसुद्धा उपसायची, हे मला पटत नाही आणि जुन्या तांडेलांनाही पटत नाही.

उपग्रह आहेत तर फयानच्या वेळी बोटी का वाचल्या नाहीत?

फयान वादळ, नोव्हेंबर २००९. या प्रश्नाला मी कधीही घाईनं उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरातलं कोणी गेलेलं असू शकतं.

ढग उपग्रहाला दिसत होते. तुटलेली होती ती शेवटची कडी, किनाऱ्यापासून बोटीपर्यंतची. मोबाइलची रेंज किनाऱ्यालगत संपते. व्हीएचएफ वायरलेस साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर जातो. त्याच्या पलीकडची बोट सुटलेल्या इशाऱ्याला बहिरी होती. वादळ झपाट्यानं वाढलं आणि वेळ उरला नाही.

त्यानंतर बरंच बदललं. इन्सॅट-३डी (२०१३) आणि ३डीआर (२०१६) हे हवामान उपग्रह मिळून पाव-पाव तासानं चित्र येऊ लागलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ३डीएस आला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाच्या वेळी इशारा वेळेत आला, माणसं हलवता आली. इस्रोनं बोटींसाठी जो संकटसूचक डबा बनवला होता तो आधी फक्त "आम्ही संकटात आहोत" एवढं वर पाठवायचा. दुसऱ्या पिढीच्या डब्यात किनाऱ्याकडून "निरोप मिळाला, मदत येते आहे" असं उत्तरही बोटीवर येतं, आणि वादळाचा इशाराही. बुडत्या माणसासाठी हे उत्तर फार मोठं असतं. माझ्या साऱ्या कारकिर्दीतल्या विषयांपैकी मला सगळ्यात जवळचा कुठला, तर हा. बोटमालकांना कळकळीनं सांगतो: सरकारी योजनेतून डबा मिळत असेल तर घ्या, बसवून घ्या, आणि पावसाळी मासेमारीची बंदी उठून बोटी लोटण्याआधी तो चालू आहे ना ते पाहा. डब्यानं आपली जागा कळते म्हणून तो बंद ठेवणारे लोक आहेत. त्यांनी घरच्यांना विचारून तो निर्णय घ्यावा.

उपग्रहातून आमचं घर दिसतं का? कोण पाहतं का?

कार्टोसॅट-३ चा कॅमेरा पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. अंगणातली गाडी कळेल, चेहरा कळणार नाही. आणि असा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं जात असतो. एका फेरीत कोकणाच्या वाट्याला काही मिनिटं येतात, त्यातही चार महिने ढग. ढगांतून पाहायला रडारचे उपग्रह लागतात. रिसॅट मालिका आहे, आणि ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून, एका मासेमारी बोटीतून आले होते. आपल्या किनाऱ्याकडे वरून लक्ष असणं चांगलंच.

आइनस्टाइनचा सिद्धांत खरंच रोजच्या वापरात आहे का?

आहे. जीपीएस उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या आसपास घोळ होईल.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना?

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावर कार्यक्रम होतात, आणि त्यानिमित्त मुलं किल्ल्यावर जाऊन वर्णपटाबद्दल ऐकतात याचा मला आनंद आहे. पण ज्या लॉकियर यांचं नाव घेतलं जातं ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. ग्रहणाच्या दिवशी भारतात निरीक्षण केलं ते फ्रान्सच्या जान्सन यांनी, आणि तेही गुंटूरला. ही माहिती मुलांना दिल्यानं किल्ल्याचं काही कमी होत नाही. दूरच्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची जी विद्या तेव्हा नवी होती, तीच आज ओशनसॅट आपल्या समुद्रावर वापरतो. ही गोष्ट मला जास्त सांगावीशी वाटते.

मुलीला पाठवावं का?

हो. नौदलानं १९९२ पासून स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या शाखांत शिक्षण शाखा होती. मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं कायमच्या कमिशनचा मार्गही मोकळा केला. काळजी असेल तर काकू, तिला पोहायला शिकवा आणि इंग्रजीत बोलायची सवय लावा. बाकी ती करेल.

गावात राहून आत्ता काय सुरू करता येईल?

यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर आणा, जुना लॅपटॉप चालेल. रशियाचे मेटिऑर-एम मालिकेचे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ढगांची चित्रं उघड प्रसारित करतात. अँटेना घरी बनते: प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन कांड्या, त्यांच्यात १२० अंशांचा कोन, आडव्या ठेवून त्या 'व्ही'चं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे. उपग्रह कधी जाणार ते मोफत ॲपवर कळतं. पहिल्या काही वेळा नुसता गोंगाट येईल, तोही जपून ठेवा. गोंगाट किती होता हे माहीत असल्याशिवाय सिग्नल किती आला ते सांगता येत नाही. ऐकायचंच नाही तर बोलायचंही असेल, तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढावा लागतो, परीक्षा अवघड नाही.

कांड्या ॲल्युमिनियमच्या घ्या. लोखंडी सळ्या आपल्या खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंजतात. केबलच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा, आणि आगोटीला सगळं उतरवून घरात ठेवा.